दौलताबाद, कागजीपुरा आणि माझे तीन प्रकल्प

आमच्या शहरात, म्हणजे औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर), पाहुणे आले की त्यांना दोन ठिकाणी न्यावेच लागते. एक बीबी का मकबरा आणि दुसरे दौलताबादचा किल्ला. त्यामुळे दौलताबाद मी लहानपणापासून किती वेळा पाहिले असेल याची मोजदाद नाही. डबा बांधून घ्यायचा, चाँद मिनारसमोर उभे राहून फोटो काढायचा, अंधारीत शिरताना भाच्यांना घाबरवायचे, आणि हंगाम असेल तर परतताना रस्त्याकडेच्या टोपल्यांतून सीताफळे घ्यायची. एवढे झाले की दौलताबाद झाले, अशी आमची समजूत.

म्हणूनच कला महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी आमच्या सरांनी जेव्हा सांगितले की यंदाचे तीनही प्रकल्प दौलताबादच्या परिसरावर करायचे आहेत, तेव्हा मला मनातून आनंद झाला. ओळखीची जागा, कमी त्रास, चांगले गुण. वर्ष संपले तेव्हा तिन्ही अंदाज चुकले होते. त्या वर्षाची ही हकीकत आहे.

एक वर्षाची मुदत

हकीकत सांगण्याआधी घरची परिस्थिती सांगायला हवी, कारण माझे ते वर्ष उसन्या मुदतीचे होते. अब्बांचे शिवणकामाचे दुकान आहे. शाळेचे गणवेश, शर्ट, पँट, ईदच्या आधी कुर्ते-पायजमे. मी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा चांगल्या श्रेणीत पास झाले, तेव्हा अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते. पण परीक्षा पास होणे वेगळे आणि तोच रस्ता धरणे वेगळे. बारावीनंतर मी फार्मसीला जावे, हाताला खात्रीचे काम लागावे, अशी त्यांची इच्छा होती. माझ्यामागे दोन भावंडे शिकणारी आहेत. अब्बांचे म्हणणे चुकीचे नव्हते. शेवटी अम्मी मध्ये पडली आणि तोडगा निघाला. अब्बा म्हणाले, "एक वर्ष कर. वर्ष संपलं की बसून बोलू."

दादीची काळजी वेगळी होती. तिने एकच विचारले, "जानदार तर काढावे लागत नाहीत ना?" मी खोटे बोलले नाही. मानवाकृतीचा अभ्यास अभ्यासक्रमातच असतो, हे तिला सांगितले. या विषयावर उलमांमध्ये मतभेद आहेत आणि मी त्यात निवाडा देणारी कोणी नाही. घरात आम्ही एक गोष्ट ठरवली. अभ्यासाची चित्रे फाइलमध्ये राहतील, दादी जिथे नमाज पढते त्या खोलीत एकही चित्र लागणार नाही. दादीने मान हलवली, पण तिच्या चेहऱ्यावरून प्रश्न गेला नव्हता.

पहिला प्रकल्प: दरवाजा

पहिला प्रकल्प साधा वाटला: किल्ल्यातली एक जागा निवडा आणि ती समजावून देणारे चित्र काढा. मी संपूर्ण किल्लाच काढला. मागे डोंगर, पुढे चाँद मिनार, आकाशात केशरी रंग. दोन रात्री जागून केलेले काम होते. सरांनी ते पाहिले आणि शांतपणे विचारले, "हे चित्र काढायला किल्ल्यावर जावं लागलं का?" मी गप्प. कारण जावे लागले नव्हते. मोबाइलवरच्या फोटोवरून काढले होते. सर म्हणाले, "हे आपण सगळ्यांनी कॅलेंडरवर पाहिलंय. तू काय पाहिलंस ते आण."

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. एकटीला पाठवायला घरचे तयार नव्हते, म्हणून अम्मी सोबत आली. फजर झाल्यावर निघालो, एसटीने छावणी, मिटमिटा, शरणापूर करत दौलताबादला उतरलो. किल्ल्याच्या दारात मी वही उघडून बसले. अम्मी बाजूला सावलीत तसबीह घेऊन बसली. अर्धा तास झाला, माझा कागद कोराच. काय काढावे सुचेना.

अम्मी उठून दरवाज्यातून आत-बाहेर फिरून आली आणि म्हणाली, "हे काय गं, दार ओलांडलं की लगेच वळण, परत दार, परत वळण. सामानाची गाडी कशी आणत असतील इथून?"

मी चमकले. इतक्या वेळा इथून गेले होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. अम्मी आठवीपर्यंत शिकलेली. तिने कधी डिझाइन हा शब्द वापरलेला नाही. पण घरात कपाट कुठल्या दारातून आत जाईल आणि कुठल्या दारातून जाणार नाही, हे तिला बरोबर कळते. तोच हिशेब तिने किल्ल्याला लावला होता.

उत्तर त्या वळणातच आहे. जुन्या काळी दरवाजा फोडायला हत्ती वापरत. हत्तीला धडक द्यायची तर समोर सरळ मोकळी जागा हवी. इथे दरवाज्यासमोर ती मिळूच नये म्हणून मार्ग मुद्दाम वळवलेला आहे. वळणात अडकलेल्या सैन्यावर वरून मारा करता येतो. आणि जो हत्ती तरीही पोहोचेल, त्याच्या कपाळाच्या उंचीवर दरवाज्याला लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आहेत. लहानपणी आम्हाला ते खिळे शोभेचे वाटत. त्या दिवशी कळले की त्या दरवाज्यावर शोभेसाठी जवळजवळ काहीच नाही.

मग मी तशाच नजरेने पुढे चढत गेले. अंबरकोट, महाकोट, कालाकोट अशा तटांच्या रांगा. मधला डोंगर पायथ्याशी असा तासून काढलेला की सरड्यालासुद्धा पाय रोवायला जागा मिळू नये. त्याभोवती खडकात खोदलेला खंदक. खंदक ओलांडला की अंधारी, खडकातून वर चढत जाणारा वळणावळणाचा काळोखी मार्ग. आत वटवाघळांचा वास आणि पायाखाली उंच-सखल पायऱ्या. मारेकऱ्याची मशाल विझली की त्याला स्वतःचा हातही दिसू नये, अशी त्याची योजना. म्हणजे इथे कारागिरांनी दगडाइतकाच काळोखही बांधकामाला वापरला होता.

मी चित्र काढले ते फक्त एका दरवाज्याचे आणि त्यापुढच्या वळणाचे. वरून पाहिल्यासारखा नकाशा, आणि बाणांनी दाखवलेला हत्तीचा मार्ग. रंग नाही, केशरी आकाश नाही. सरांनी ते भिंतीवर लावले. खाली कोणाचे नाव लिहायचे असते तर मी अम्मीचे लिहिले असते.

दुसरा प्रकल्प: निळी फरशी

दुसरा प्रकल्प नक्षीचा होता. किल्ल्यातल्या एखाद्या अलंकरणाचा अभ्यास करून त्यावरून स्वतःचे संकल्पचित्र तयार करायचे. मी चिनी महाल निवडला.

वर जाताना लागणारी ही इमारत आज पडक्या अवस्थेत आहे. तिच्या दर्शनी भागावर निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांचे तुकडे अजून शिल्लक आहेत, त्यावरूनच तिला हे नाव पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाही सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर औरंगजेबाने इथेच कैदेत ठेवले. साधारण बारा वर्षे तो इथे होता आणि १६९९ मध्ये कैदेतच वारला. एके काळी हिऱ्यांच्या मुलुखाचा धनी असलेला माणूस रोज उठून याच निळ्या फरशांकडे पाहत असेल, हा विचार चित्र काढताना डोक्यातून जात नव्हता. सत्ता किती वेळ टिकते आणि फरशी किती वेळ टिकते, याचा हिशेब तिथे डोळ्यांसमोर मांडलेला आहे.

नक्षी मात्र मला जमेना. डोळ्यांनी पाहून काढली की चार चौकटींनंतर रेघा जुळायच्या नाहीत. सरांनी विचारले, "कर्तव्यभूमिती विसरलीस का?" इंटरमिजिएटला कंटाळत केलेली ती भूमिती! घरी येऊन मी कंपास काढला. एक वर्तुळ. त्याच त्रिज्येने परिघावर सहा खुणा. खुणा जोडल्या की षट्कोन, एक सोडून एक जोडल्या की सहा टोकांचा तारा. तोच तारा शेजारी पुन्हा, वर पुन्हा, खाली पुन्हा. मधल्या मोकळ्या जागांतून आपोआप दुसरी नक्षी उगवते, जी आपण काढलेलीच नसते. कागद संपतो, नक्षी संपत नाही.

दादी बराच वेळ पलंगावरून बघत होती. मग जवळ येऊन बसली. तिने एका ताऱ्यावर बोट ठेवले आणि तिथून पुढच्या, पुढून पुढच्या असे करत कागदाच्या कडेपर्यंत नेले. म्हणाली, "याला शेवट नाही का?" मी म्हणाले, "नाही दादी." ती म्हणाली, "सुब्हानल्लाह. मग हे काढ."

त्या दिवसापासून दादी माझ्या कामाची तपासनीस झाली. एखादी रेघ जाड झाली तर सरांच्या आधी तीच सांगू लागली. मानवाकृतीची फाइल अजूनही कपाटातच असते. तो प्रश्न सुटला असे मी म्हणणार नाही. पण आमच्या पूर्वजांनी सजीव आकृती टाळून, केवळ वर्तुळ, रेघ आणि अक्षर यांच्या बळावर केवढी मोठी कला उभी केली, हे दादीला आणि मला एकाच संध्याकाळी, एकाच कागदावर समजले.

अक्षराचा उल्लेख केला म्हणून एक गोष्ट सांगते. अक्षरलेखनाच्या तासाला सरांनी बोरूने देवनागरी गिरवायला लावली आणि सांगितले की अक्षराची उंची बोरूच्या टोकाच्या रुंदीवरून मोजायची. मला मकतबमधले उस्ताद आठवले. अरबी खत शिकवताना तेही नुक्त्याने मोजायचे, अलिफ इतक्या नुक्त्यांचा, बे इतक्या नुक्त्यांचा. नुक्त्याचे हे माप बगदादचा इब्न मुकला याच्या नावाशी जोडले जाते. तो इसवी सन ९४० मध्ये वारला. हजार वर्षांपूर्वीची ती मोजणी आणि आमच्या वर्गातली मोजणी मुळात एकच. लिहिणारा हात कोणत्याही भाषेचा असो, मापाशिवाय अक्षर उभे राहत नाही.

एका गोष्टीची रुखरुख मात्र राहिली. बीबी का मकबऱ्याच्या दरवाज्यावरच्या लेखात वास्तुकार अताउल्लाह आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. चिनी महालाच्या फरशा भाजणाऱ्यांची नावे आपल्याला कुठे भेटत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक कारागिरांचे असेच झाले आहे. काम राहिले, नाव गेले.

तिसरा प्रकल्प: कागद

शेवटचा प्रकल्प सर्वांत मोठा आणि त्याच्यावरच वर्षाचे भवितव्य अवलंबून. परिसरातल्या एका हस्तकलेची माहिती घ्यायची आणि तीच वापरून घरात उपयोगी पडेल अशी एक वस्तू तयार करायची. काहींनी हिमरू निवडले. मी कागजीपुरा निवडला.

दौलताबादचा घाट चढून खुलताबादच्या दिशेने निघालो की रस्त्यावर हे गाव लागते. नावच सांगते की गाव कागद करणाऱ्यांचे. गावातली परंपरा अशी सांगते की मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली, तिला दौलताबाद नाव दिले, तेव्हा दरबाराबरोबर आलेल्या लोकांत हे कागजीही होते. दरबार म्हटला की फर्माने आली, हिशेब आले, पत्रे आली. मदरसे आणि खानकाहे आली, म्हणजे किताबतही आली. या सगळ्याला कागद हवा.

हातकागद होतो कसा, हे मी तिथे पाहिले. सुती कापडाच्या चिंध्या निवडून बारीक कापायच्या, धुवायच्या, भिजवायच्या आणि कुटून-दळून त्यांचा लगदा करायचा. पूर्वी हे कुटण्याचे काम माणसाच्या बळावर चाले, आता यंत्र आहे. लगदा पाण्याच्या हौदात पातळ करून सोडायचा. मग बारीक जाळीची चौकट पाण्यात तिरपी घालून आडवी वर उचलायची. पाणी गळून जाते आणि जाळीवर साईसारखा पातळ थर उरतो. तो कापडावर उलटवायचा, थरावर थर रचून दाबायचा, वाळवायचा. वाळलेल्या कागदाला खळ लावायची, नाहीतर शाई फुटते. शेवटी गुळगुळीत दगडाने घासून तो घोटायचा. जुन्या दप्तरांत घोटीव कागद म्हणतात तो हाच.

चौकट पाण्यातून उचलायला दोन-तीन सेकंद लागतात. मी वीस वेळा उचलली, वीसही वेळा थर एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला विरळ. तिथले एक बुजुर्ग हसून म्हणाले, "बेटी, पाण्याशी भांडू नको." ते कसे, हे त्यांना शब्दांत सांगता येईना. त्यांनी फक्त चौकट घेऊन एकदा करून दाखवले.

घरी परतताना माझ्या डोक्यात कल्पना आली. अब्बांच्या दुकानात रोज कातरणाचा ढीग पडतो. त्याचाच कागद करायचा आणि त्या कागदाची हिशेबाची वही बांधायची! अब्बांना न सांगता मी दोन पिशव्या कातरण आणले, कापले, चार दिवस भिजत ठेवले, मिक्सरमध्ये फिरवले. अम्मीचा मिक्सर गरम होऊन बंद पडला. आणि बादलीत लगदा नव्हताच. नुसते दोरे तरंगत होते. चौकटीवर घेतले तर थर धरेना, वाळवले तर भुसा झाला. प्रकल्प जमा करायला दहा दिवस राहिले होते.

त्या रात्री मी रडले. अब्बा दुकानातून उशिरा आले. बादलीत हात घालून त्यांनी एक चिंधी उचलली, दोन बोटांत चुरगळली आणि म्हणाले, "ही टेरीकॉट आहे. ही कशी गळेल?"

कापूस हा झाडाचा तंतू. पाण्यात कुटला की त्याच्या कडा सुटतात, फुगतात आणि वाळताना एकमेकांना घट्ट धरतात. कागद म्हणजे तंतूंनी धरलेले हेच हात. पॉलिस्टर हा कारखान्यात ओढलेला गुळगुळीत धागा. त्याला कितीही कुटा, तो कोणाला धरत नाही. शाळेचे गणवेश आता बहुतेक मिश्र कापडाचे असतात. मी भिजवलेले सगळे कातरण तेच होते. हे विज्ञान मला सरांनी दुसऱ्या दिवशी समजावले. अब्बांना ते बोटांनीच कळले होते. तीस वर्षे ज्या माणसाने कापड हाताळले, त्याला मी कच्च्या मालाबद्दल एक प्रश्नही विचारला नव्हता, आणि वर त्यांच्याच धंद्यावर प्रकल्प करायला निघाले होते.

दुसऱ्या दिवशी रात्री अब्बांनी दारात एक गाठोडे ठेवले. आत नुसते सुती कातरण होते, कुर्त्यांचे पांढरे, अस्तरांचे, मलमलीचे. त्यांनी दिवसभर वेगळे काढून ठेवले होते. "बटणं, कॅनव्हास काढून टाकलंय," एवढेच बोलले आणि जेवायला बसले.

मी ते गाठोडे घेऊन कागजीपुऱ्याला गेले. तिथल्या लोकांनी माझे कातरण त्यांच्या यंत्रात दळून दिले. चौकट मात्र मीच उचलली. पंचवीस कागद झाले. त्यांतले दहा चांगले. एका कागदात कुठूनतरी आलेल्या निळ्या कापडाचा बारीक ठिपका राहिला होता. तो मी तसाच ठेवला.

फसलेला बेत आणि उरलेले हात

वहीसोबत एक टिपण लिहायचे होते. ते लिहिताना दौलताबादचा इतिहास मी पुन्हा वाचला आणि मला तो वेगळा दिसला.

मुहम्मद तुघलकाचा राजधानीचा बेत फसला, हे आपण शाळेपासून वाचतो. काही वर्षांतच लोकांना दिल्लीला परतायची मुभा द्यावी लागली. पण गोष्ट तिथे संपत नाही. आलेले सगळेच परतले नाहीत. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांच्यासारखे सूफी इथेच राहिले आणि खुलताबादेत दफन झाले. अमीर खुसरोंचे मित्र, कवी हसन सिज्झी यांची कबरही तिथेच. १३४७ मध्ये बहमनी सल्तनतीची सुरुवात याच दौलताबादेत झाली. सुलतानाचा बेत मोडला, पण त्या बेतात ओढले गेलेले लोक आपापला हुन्नर घेऊन इथल्या मातीत रुजले.

आणि ते वेगळे राहिले नाहीत. जुन्नरलाही कागजी होते. पेशवाईत पुण्याच्या कसबा पेठेत कागद करणाऱ्यांची वस्ती झाली, ती आजही कागदीपुरा म्हणून ओळखली जाते. मराठी दप्तरांतले मोडी कागद पाहा. त्यांवरचा मजकूर मराठी आहे, आणि तो ज्यावर उभा आहे तो कागद बहुतांशी मुसलमान कागजींच्या हातचा आहे. कागद, कलम, दौत, शाई, दप्तर हे मराठीतले सगळे शब्द फारसी-अरबीतून आलेले. कोणी आपल्याला विचारले की मराठीशी तुमचे नाते काय, तर वाद घालायची गरज नाही. ते नाते मराठीच्या कागदातच आहे.

याच दौलताबादेत चाँद बोधले या सूफी फकिराचे वास्तव्य होते. किल्लेदार जनार्दनस्वामी हे त्यांचे शिष्य आणि संत एकनाथ जनार्दनस्वामींचे शिष्य. श्रीगोंद्याचे शेख महंमद हेही चाँद बोधलेंच्याच परंपरेतले. त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. किल्ल्यात खालच्या बाजूला जी जुनी जामा मशीद आहे, ती चौदाव्या शतकातली, जुन्या मंदिरांचे खांब वापरून उभारलेली. १९४८ पासून तिथे भारतमाता मंदिर आहे. मी तिथले खांब काढले तेव्हा लक्षात आले की त्यांतल्या अनेकांची नक्षी वेगळी आहे. राज्ये बदलली, इमारतीचे नाव बदलले. खांब घडवणाऱ्या हातांचे काम मात्र प्रत्येकाला जपावेसे वाटले. त्या सावलीत बसून मला कोणाशी भांडावेसे वाटले नाही. नीट चित्र काढावेसे वाटले.

वही

वहीला मला सर्वोत्तम गुण मिळाले नाहीत. कागद एकसारखे नव्हते, बांधणी एका बाजूला कलली होती. सरांनी तसे स्पष्ट लिहिले. पण टिपणाखाली त्यांनी एक ओळ लिहिली, की या मुलीला आता कच्चा माल कळतो.

प्रकल्प परत मिळाल्यावर मी वही अब्बांना दिली. त्यांनी पाने बोटांनी चाचपली, उजेडात धरली. निळा ठिपका दिसल्यावर थांबले. "हा गणवेशाचा," म्हणाले, "मी निवडताना सुटला वाटतं." मग त्यांनी वही दुकानाच्या गल्ल्यात ठेवली. अजून तिच्यात एक आकडाही लिहिलेला नाही. अम्मीने कारण विचारले तर म्हणाले, "लिहायचं कशाला, संपून जाईल."

वर्ष संपले. बसून बोलण्याची वेळ आली. मी उत्तरे तयार करून ठेवली होती. अब्बांनी फक्त विचारले, "दुसऱ्या वर्षाची फी कधी भरायची?" अल्हम्दुलिल्लाह. फार्मसीचा विषय पुन्हा निघाला नाही. तो पुढेही निघू शकतो, हे मला माहीत आहे. खात्रीच्या कामाची त्यांची काळजी खरी आहे आणि तिला उत्तर देण्याची जबाबदारी आता माझी आहे.

दौलताबादला जाणाऱ्या माझ्या भावा-बहिणींना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सकाळी लवकर जा, पाणी आणि टॉर्च सोबत ठेवा, म्हाताऱ्या माणसांना अंधारीत नेऊ नका, माकडांसमोर डबा उघडू नका. हे सगळे सांगतातच. पण मुलांच्या हातात मोबाइलसोबत एक वही आणि पेन्सिलही द्या. सगळा किल्ला दाखवू नका. एक दरवाजा, एक खांब, एक फरशी दाखवा आणि तिथे अर्धा तास बसा. परतताना घाट चढून कागजीपुऱ्याला जा. एक कागद विकत घ्या, मुलांना तो उजेडात धरून दाखवा आणि सांगा, हे कोणाच्या तरी हाताचे काम आहे.

आणि घरात एखादे मूल चित्र काढत असेल, तर त्याच्या भविष्याची काळजी जरूर करा, पण एकदा त्याच्या शेजारी बसून त्याने काय काढले आहे ते नीट पाहा. माझ्या तीन प्रकल्पांत मला अडलेले जे जे सुटले, त्यात माझ्या शिक्षकांचा वाटा होताच. पण दरवाज्याचे वळण अम्मीला दिसले, नक्षीला शेवट नाही हे दादीने ओळखले आणि कापूस कुठला, टेरीकॉट कुठली, हे अब्बांच्या बोटांना ठाऊक होते. मी कला शिकायला घराबाहेर पडले होते. तिचा बराच भाग घरातच होता. मी विचारायची खोटी होती.